जप्त झालेलं क्रिप्टो परत मागायची अमेरिकी खिडकी: फॉरफीचर डॉट गव्ह कुठे चालतं, कुठे अडतं

अमेरिकेच्या न्याय विभागाची फॉरफीचर डॉट गव्ह ही साइट दोन कामं करते. सरकारनं जप्त केलेल्या मालाच्या नोटिसा लावते आणि त्या मालावर हक्क सांगणाऱ्याचा कागद ऑनलाइन घेते. फी शून्य, वकिलाची सक्ती नाही. साइटला आम्ही पाचपैकी साडेतीन देतो. तिच्या पाठीशी जो कायदा आहे, त्याला दीड. आणि हे दीडसुद्धा २००० साली झालेल्या सुधारणेच्या पुण्याईवर.

हा आढावा दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक म्हणजे न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणारा, ज्याच्या एक्स्चेंजवरच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारावरच्या) खात्यातलं बिटकॉइन एखाद्या तपासात उचललं गेलं आणि घरी एफबीआयचं किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रणेचं पाकीट आलं. दुसरा पुण्यात किंवा नाशकात बसलेला, ज्यानं बनावट ट्रेडिंग ॲपमध्ये यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) पाठवले आणि ते फिरत फिरत अमेरिकी तपासयंत्रणेच्या हाती लागले. दोघांनाही याच खिडकीशी यावं लागतं, पण दोघांनी भरायचे कागद वेगळे. चुकीचा कागद भरणं हीच इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

या कायद्यात आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस नसतो, वस्तू असते. म्हणून खटल्यांची नावं वाचताना हसू येतं. मेरीलँडच्या फेडरल कोर्टात २०१६ साली निकाली निघालेल्या एका खटल्याचं नाव होतं ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ५०.४४ बिटकॉइन’. त्या बिटकॉइनच्या बाजूनं कोणी उभं राहिलं नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला. माणसावर गुन्हा शाबित होणं सोडा, तो दाखल होण्याचीही गरज नाही. हा माल गुन्ह्यातून आला किंवा गुन्ह्यासाठी वापरला गेला, एवढं सरकारनं दाखवायचं. तेही फौजदारी खटल्याइतकं पक्कं नाही. पारडं आपल्या बाजूला जरासं झुकलं की भागतं.

मराठीत यासाठी दोन चोख शब्द आहेत, ते वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. जप्त म्हणजे माल सरकारच्या ताब्यात गेला, मालकीचा फैसला व्हायचाय. सरकारजमा म्हणजे मालकीही गेली. साइटवर झळकणारी नोटीस या दोन्हींच्या मधली असते आणि तुमच्या हातातला वेळ तेवढाच. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये ‘ईडीनं टाच आणली’ असं वाचायची सवय झालेल्यांना ही चौकट ओळखीची वाटेल. भारतात तात्पुरत्या टाचेला १८० दिवसांची मर्यादा आहे. अमेरिकेतली घड्याळं बरीच वेगानं पळतात.

घड्याळं

फेडरल यंत्रणेनं माल जप्त केला की ६० दिवसांत संबंधितांना पत्र पाठवायचं असतं. राज्य किंवा स्थानिक पोलिसांनी जप्त करून फेडरल यंत्रणेकडे सोपवला असेल तर ९० दिवस. त्या पत्रावर दावा दाखल करायची शेवटची तारीख छापलेली असते आणि ती पत्र रवाना झाल्यापासून किमान ३५ दिवस पुढची असावी लागते. लक्षात घ्या, पत्र रवाना झाल्यापासून, तुमच्या हाती पडल्यापासून नव्हे. पत्र मिळालंच नाही तर नोटिशीच्या शेवटच्या प्रसिद्धीनंतर ३० दिवस. शेवटच्या तारखेला टपालात टाकलं म्हणून भागत नाही, कागद त्यांच्याकडे पोहोचलेला असावा लागतो. ऑनलाइन भरण्याचा खरा फायदा हाच.

तुमचा दावा आला की चेंडू सरकारकडे जातो. ९० दिवसांत त्यांनी कोर्टात तक्रार दाखल करायची, किंवा आरोपपत्रात हा माल घालायचा, नाहीतर सोडून द्यायचा. कोर्ट मुदतवाढ देऊ शकतं आणि देतंही. कोणाचाच दावा आला नाही तर यंत्रणा स्वतःच्या सहीनं माल सरकारजमा करते आणि त्या कागदाला कोर्टाच्या हुकमाइतकं वजन येतं. न्यायाधीशानं ते प्रकरण पाहिलेलंही नसतं.

कोर्टाबाहेरच्या या आटोपशीर मार्गाला मर्यादा आहे ५ लाख डॉलरची. रोख रकमेला ही मर्यादा लागत नाही, कितीही रोकड असली तरी यंत्रणा परस्पर निकाल लावू शकते. क्रिप्टोला मात्र न्याय विभाग रोकड मानत नाही, त्यामुळे ५ लाखांच्या वरचं क्रिप्टो कोर्टातूनच न्यावं लागतं. क्रिप्टो असण्याचा फायदा होतो अशी ही जवळपास एकमेव जागा.

साइट वापरताना

नोटिसा शोधता येतात, पण शोधायचं काय हे आधी ठाऊक असावं लागतं. प्रत्येक मालाला एक आयडी असतो: सालाचे दोन आकडे, यंत्रणेचं लघुनाम, मग क्रमांक. त्यापुढे वर्णन, जप्तीच्या सुमाराचं डॉलरमधलं मूल्य, जप्तीची तारीख, कोणाकडून आणि कुठून. घरी पत्र आलं असेल तर हा आयडी पत्रावरच असतो. तो टाका, काम दोन मिनिटांचं.

पत्र न आलेल्यांची मात्र इथे पंचाईत. फसवणुकीत पैसे गमावलेल्या माणसाचं नाव नोटिशीत नसतं. असतं ते ज्याच्या खात्यातून किंवा वॉलेटमधून जप्ती झाली त्याचं, किंवा कोणाचंच नाही. वर्णन बऱ्याचदा ‘अमुक एक्स्चेंजच्या खात्यातले इतके यूएसडीटी’ एवढंच. तुम्ही ज्या पत्त्यावर नाणी पाठवली तो पत्ता आणि जिथे ती पकडली गेली तो पत्ता यांच्यामध्ये पाच-दहा उड्या झालेल्या असतात. वॉलेटचा पत्ता टाकून ‘माझे पैसे यात आहेत का’ असं विचारायची सोय नाही. डिजिटल मालासाठी ही एवढी एक गोष्ट करायला हवी होती, तीच नाही. दीड गुण आम्ही इथेच कापले.

नोटीस साइटवर सलग ३० दिवस तरी राहते. प्रकरण कोर्टात असेल आणि तुम्हाला थेट पत्र नसेल तर ती पहिल्यांदा झळकल्यापासून ६० दिवसांत दावा करायचा. आणि इथे एक खड्डा आहे. कोर्टातल्या प्रकरणाचा दावा या साइटवर घेतला जात नाही. तो त्या जिल्ह्याच्या फेडरल कोर्टाच्या क्लार्ककडे दाखल करून सरकारी वकिलाला प्रत द्यावी लागते. साइटवर त्या प्रकरणात फक्त अर्ज घेतला जातो. आपण साइटवर काहीतरी भरलं म्हणजे दावा झाला, अशा समजुतीत ६० दिवस निघून जातात.

दावा की अर्ज

आता मुख्य मुद्दा. साइटवर दोन वाटा दिसतात. दावा म्हणजे ‘हा माल माझा आहे, सरकारनं कोर्टात येऊन सिद्ध करावं’. अर्ज म्हणजे ‘माल सरकारजमा होऊ दे, पण माझ्या परिस्थितीचा विचार करून मला त्यातलं द्या’. दाव्यावर निर्णय न्यायाधीश देतो. अर्जावर जप्त करणारी यंत्रणाच देते. प्रकरण कोर्टातलं असेल तर न्याय विभाग. अर्ज मंजूर करणं ही त्यांची मर्जी, हक्क नव्हे. नाकारला तर पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत एकदा फेरविचार मागता येतो, एकदाच. नाशकात बसून टपालावर विसंबलेल्या माणसासाठी १० दिवस म्हणजे काहीच नाही. म्हणून संपर्कासाठी ईमेल द्या आणि तो रोज उघडा.

दोन्ही भरता येतात. दावा दाखल झाला की अर्ज बाजूला पडतो आणि प्रकरण फेडरल सरकारी वकिलाकडे जातं. फक्त अर्ज भरला आणि दुसऱ्या कोणाचाही दावा आला नाही, तर प्रकरण कोर्टाचं तोंड पाहत नाही.

सामान्य मालात हा फरक तत्त्वाचा असतो, क्रिप्टोमध्ये तो पैशांचा होतो. फसवणुकीला बळी पडलेल्यानं अर्ज केला तर नुकसान मोजलं जातं ते ज्या दिवशी पैसे गेले त्या दिवशीच्या बाजारभावानं. व्याज नाही, वकिलाची फी नाही, मधल्या काळातली भाववाढ नाही. समजा २ बिटकॉइन गेले तेव्हा एकाचा भाव २० हजार डॉलर होता. सरकारनं ते पकडले आणि सरकारजमा केले तोवर भाव १ लाखावर गेला. सरकारच्या तिजोरीत २ लाखांचा माल, तुमच्या अर्जाची कमाल मर्यादा ४० हजार. आणि बळी अनेक असतील, एकूण नुकसान जप्त मालापेक्षा मोठं असेल तर प्रत्येकाला प्रमाणात वाटणी. उलट, दावा करून जिंकलेल्या मालकाला वस्तूच परत मिळते, आजच्या भावासकट. भाव पडला असेल तर पडलेल्या भावासकट, हेही आलंच.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे हिशोब उलटा बसू शकतो. तुमचीच नाणी तशीच्या तशी त्या पत्त्यावर असल्याचं साखळीवर (ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) दाखवता येत असेल आणि रक्कम मोठी असेल, तर दाव्याचा विचार वकिलासोबत जरूर करा. मात्र हजार लोकांची नाणी एकाच वॉलेटमध्ये कालवली गेली असतील तर ‘यातली ही माझी’ हे म्हणणं कोर्टात टिकवणं अवघड. एकाला पूर्ण देऊन बाकीच्यांना उपाशी ठेवणं बरोबर नाही, असा सरकारचा युक्तिवाद असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. अशा ठिकाणी अर्जच बरा.

नाणी आहेत तशी परत दिल्याचं उदाहरण आहे. बिटफिनेक्स या एक्स्चेंजवर २०१६ साली झालेल्या चोरीतले ९४ हजारांहून जास्त बिटकॉइन २०२२ च्या फेब्रुवारीत जप्त झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं ते नाण्यांच्याच रूपात एक्स्चेंजला परत करायला सांगितलं. पण ते फौजदारी खटल्यातलं प्रकरण होतं आणि बळी एकच, मोठा. बिटकनेक्टमध्ये वेगळं झालं. सुरतच्या सतीश कुंभाणींच्या नावाशी जोडलेली ती क्रिप्टो गुंतवणुकीची फसवी योजना. त्यातलं ५ कोटी ६० लाख डॉलरचं क्रिप्टो सरकारनं विकलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ४० हून जास्त देशांतल्या सुमारे ८०० बळींना १ कोटी ७० लाख डॉलर भरपाई द्यायचा हुकूम झाला. परदेशी असणं आड आलं नाही, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट.

कागद कसे भरायचे

दाव्यात चार गोष्टी लागतात: कोणता माल (आयडीसह), तुमचा त्यावरचा हक्क काय, शपथेवर सांगतो असं वाक्य, आणि सही. सही तुमचीच, वकिलाची चालत नाही. नोटरी शोधत फिरू नका. अमेरिकेबाहेरून सही करत असाल तर ‘अमेरिकेच्या कायद्यांनुसार खोट्या शपथेच्या शिक्षेस पात्र राहून’ हे सांगणारा मजकूर त्या वाक्यात असावा लागतो. अमेरिकेत बसून सही करणाऱ्याला ‘अमेरिकेच्या कायद्यांनुसार’ हा भाग लागत नाही, बाहेरच्याला लागतो. बाहेरच्यांनी हा तुकडा गाळला तर मुदतीच्या तोंडावर कागद परत येण्याचा धोका असतो. पूर्वी दाव्यासोबत मालाच्या १० टक्के, कमाल ५ हजार डॉलर, तारण भरावं लागे; २००० च्या सुधारणेनं ते गेलं. मात्र दावा फालतू ठरला तर दंड आहे, मालाच्या १० टक्के, किमान २५० आणि कमाल ५ हजार डॉलर.

हक्क दाखवणं हेच खरं काम. खातं एक्स्चेंजवर असेल तर सोपं: केवायसी तुमच्या नावाचं, बँकेतून गेलेली रक्कम, खरेदीची नोंद. वॉलेट स्वतःकडे असेल तर त्या पत्त्याच्या प्रायव्हेट कीनं (वॉलेटच्या गुप्त किल्लीनं) एखादा मजकूर साइन करून देता येतो. नाणी सरकारी वॉलेटमध्ये गेली तरी जुनी की निकामी होत नाही, सही होते. पण त्यानं सिद्ध होतं ते एवढंच की की तुमच्या हातात आहे. चोराच्या हातातही असते. म्हणून सोबत नाणी कशी घेतली याचा सलग पुरावा हवाच.

बळीच्या अर्जाला नुकसानीचा नेमका आकडा आणि कागदोपत्री पुरावा लागतो. प्रत्येक व्यवहारासाठी एक ओळ करा: तारीख आणि वेळ, पाठवणारा पत्ता, घेणारा पत्ता, नाणं, संख्या, व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा त्याचा ओळखक्रमांक), त्या वेळचा डॉलर भाव, रुपये भरले असतील तर बँकेचा यूटीआर क्रमांक. हॅश पूर्ण ६४ अक्षरांचा द्या. ॲपच्या स्क्रीनशॉटवर तो मधे टिंबं घालून तोडलेला दिसतो, तसला तोडका हॅश कोणाच्याही उपयोगाचा नाही. यूएसडीटी कोणत्या साखळीवर होते हेही लिहा: ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’नं सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो, इथेरियमचा शून्य-एक्सनं सुरू होतो आणि त्यापुढे ४० अक्षरं. साखळी चुकवली तर तपासनीस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

वेळेचा घोळ तर हमखास. साखळीवरची नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, बँकेची भारतीय वेळेत. १५ मार्चला पहाटे दीड वाजता पुण्यातून पाठवलेली नाणी साखळीवर १४ मार्चच्या रात्री ८ ला दिसतात. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की अर्ज शंकेत सापडतो, आणि नुकसानीचा भाव ‘त्या दिवशीचा’ धरायचा असल्यानं तारखेनं रक्कमही हलते. तक्त्यात दोन्ही वेळा दोन रकान्यांत लिहा आणि भाव यूटीसीच्या दिवसाचा घ्या.

एक्स्चेंजवरून व्यवहारांची सीएसव्ही फाइल आजच उतरवून ठेवा. खातं गोठलं किंवा एक्स्चेंज बुडालं की ती मिळवताना नाकी नऊ येतात. भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली असेल तर तिची पोच, पोलिस ठाण्यातली तक्रार मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. एफबीआयच्या आयसी३ या पोर्टलवर परदेशातूनही तक्रार करता येते आणि ती केलेली असावी. तपासयंत्रणेच्या यादीत नाव शिरायचा तोच दरवाजा. इकडे पोलिसांनी किंवा बँकेनं काही रक्कम परत मिळवून दिली असेल तर ती लपवू नका. भरपाई आधी मिळालेली नसावी ही अर्जाची अटच आहे आणि अर्ज शपथेवरचा आहे.

जिथे पाय घसरतात

कोर्टात दावा दाखल केला की २१ दिवसांत सरकारच्या तक्रारीला उत्तरही द्यावं लागतं. स्वतःचं स्वतः लढणारे दावा टाकून निर्धास्त होतात, उत्तराचं विसरतात आणि सरकार दावाच काढून टाकायचा अर्ज करतं. त्याआधी किंवा नंतर सरकार विशेष प्रश्नावली पाठवू शकतं: तुम्ही कोण, या मालाशी तुमचा संबंध काय. तिलाही २१ दिवस. गाळलेलं उत्तर महागात पडतं.

पी-टू-पी धंदा (एक्स्चेंज टाळून माणसामाणसांत थेट क्रिप्टोची देवघेव) करणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. ‘मी रोख देऊन यूएसडीटी घेतले, ते फसवणुकीतले आहेत हे मला कुठून कळणार’ हा बचाव कायद्यात आहे, निर्दोष मालकाचा. पण तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, सरकारवर नाही. मोबदला दिला आणि संशयाला जागा नव्हती, दोन्ही दाखवायचं. आणि ते दाखवताना आपण नोंदणी न करता पैसे हस्तांतराचा धंदा करत होतो हेच शपथेवर लिहून दिलं जातं. तो फेडरल गुन्हा आहे आणि त्या गुन्ह्यात गुंतलेला मालही सरकारजमा होतो. फौजदारी चौकशी समांतर चालू असेल तर दिवाणी खटला थांबवून ठेवायची मागणी करता येते. ती दाव्याच्या आधी वकिलाशी बोलून ठरवायची गोष्ट. आणि अमेरिकेतल्या अटकेपासून मुद्दाम लांब राहणाऱ्याला तर बाहेरून दावा लढवण्यापासून कोर्ट रोखू शकतं.

वकील सरकार देत नाही. राहतं घर जप्तीत असेल तरच तो हक्क. जिंकलात तर वाजवी फी सरकारकडून मिळते, पण ती शेवटी. ७ हजार डॉलरच्या इथरसाठी कोणता वकील उभा राहील? म्हणूनच छोट्या जप्त्या दाव्याविना सरकारजमा होतात आणि यंत्रणेच्या आकड्यांत त्या ‘कोणी हरकत घेतली नाही’ अशा दिसतात. कायद्याला दिलेल्या दीड गुणांचं मुख्य कारण हे. जप्तीनंतर लगेच न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी हवी, ही मागणी सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये कली विरुद्ध मार्शल या खटल्यात फेटाळली. तो खटला अलाबामातल्या गाड्यांचा होता. गाडी वर्षभर पडून राहिली तर थोडी गंजेल. नाण्याचा भाव तेवढ्यात निम्मा होऊ शकतो. भाव कोसळण्याची भीती असेल तर निकालाआधीच विकून डॉलर राखून ठेवावेत अशी विनंती कोर्टाला करता येते. ही तरतूद फार कमी दावेदार वापरतात.

सरकार ही नाणी सांभाळतं कसं? ज्या मालावर हक्क सांगताय तो नीट ठेवलाय का हा प्रश्न रास्त आहे. न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी जून २०२२ मध्ये जप्त माल सांभाळणाऱ्या यूएस मार्शल्सच्या कारभाराचं ऑडिट केलं, तेव्हा क्रिप्टोच्या नोंदी आणि मूल्यांकनाच्या पद्धतींत त्रुटी निघाल्या. नोंदी मुख्य प्रणालीबाहेरच्या स्प्रेडशीटमध्येही ठेवल्या जात होत्या आणि साखळी दुभंगून मिळालेल्या जादा नाण्यांच्या हिशोबाची पद्धत धड नव्हती. पुढे जुलै २०२४ मध्ये मोठ्या नाण्यांचा सांभाळ कॉइनबेस प्राइम या खासगी कंपनीकडे गेला. जादा नाण्यांचा हा घोळ आहे, म्हणून दाव्यात ‘आणि या नाण्यांमधून निर्माण झालेली इतर सर्व नाणी’ असे शब्द घाला. फुकट आहेत, राहून गेले तर हळहळ वाटते.

विक्रीचा प्रश्नही बदलला आहे. जून २०१४ मध्ये सिल्क रोड या बेकायदा ऑनलाइन बाजाराचे जवळपास ३० हजार बिटकॉइन लिलावात निघाले आणि गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी ते घेतले, भाव ६०० डॉलरच्या आसपास असताना. मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानं अंतिमतः सरकारजमा झालेलं बिटकॉइन विकायचं नाही, राखीव साठ्यात ठेवायचं, असं ठरलं. बळींना परत देणं आणि कोर्टाचा हुकूम हे त्याला अपवाद आहेत. कागदावर बळीचं काही बिघडत नाही. पण राखीव साठा भरायचं उद्दिष्ट आणि परत वाटायचं कर्तव्य एकाच घरात नांदतात, तेव्हा अर्जदारानं जागं राहिलेलं बरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्ह्यात १,२७,२७१ बिटकॉइनवर दिवाणी तक्रार दाखल झाली, कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुपच्या चेन झी यांच्याशी जोडलेली. त्या वेळच्या भावानं सुमारे १५ अब्ज डॉलर. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये २२ कोटी ५३ लाख यूएसडीटीवर झाली, तीही प्रेमाच्या आणि गुंतवणुकीच्या भूलथापांतली. यूएसडीटीच्या बाबतीत पळवाट कमी: हे नाणं काढणारी टेदर कंपनी पत्ता गोठवते, तिथली नाणी जाळते (कायमची रद्द करते) आणि तितकीच नवी सरकारच्या वॉलेटमध्ये काढून देते. त्यामुळे आपण पाठवलेली नाणी ‘आता साखळीवर दिसत नाहीत’ म्हणून हताश होऊ नका. जळालेली दिसणं ही कधीकधी चांगली बातमी असते.

पत्रच मिळालं नाही आणि माल सरकारजमा झाल्याचं उशिरा कळलं, तरी शेवटच्या प्रसिद्धीपासून ५ वर्षांपर्यंत तो निर्णय बाजूला ठेवायची मागणी करता येते. सरकारला तुमचा त्या मालावरचा हक्क माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, तरी तुम्हाला कळवायचे वाजवी प्रयत्न झाले नाहीत आणि तुम्हाला स्वतःला वेळेत कळलं नव्हतं, हे दाखवावं लागतं. एक्स्चेंजच्या केवायसीत जुना पत्ता ठेवणाऱ्यांचं इथे अडतं. घर बदललं, न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात, भारतात परतलात, तर एक्स्चेंजवर पत्ता त्याच आठवड्यात बदला. अर्ज भरल्यावर पत्ता बदलला तर ज्या कार्यालयाचं नाव पोचपत्रावर आहे त्याला मालाच्या आयडीसह कळवा. निर्णयाला महिने नव्हे, मोठ्या प्रकरणात वर्षं लागतात. अमेरिकेत कराची थकबाकी असेल तर मंजूर रकमेतून ती आधी वळती होऊ शकते.

आणि या मधल्या काळात व्हॉट्सॲपवर ‘मार्शल्स ऑफिस’मधून कोणी बोलू लागलं, तुमचे बिटकॉइन मोकळे झालेत, फक्त ५ टक्के प्रक्रिया शुल्क यूएसडीटीत भरा म्हणालं, तर तो नंबर स्क्रीनशॉटसह आयसी३ वर टाका. अर्जाला फी नाही, मंजुरीला फी नाही, आणि खऱ्या साइटच्या नावाच्या शेवटी डॉट गव्हच असतं.